गोखल्यांची जी गोष्ट आपण मुलांना सांगत नाही

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा ठेवा आणि मग निवांत वाचा.

गेल्या महिन्यात आमची पाचवीतली लेक शाळेतून आली ती थेट उलटतपासणीच्या मूडमध्ये. इथे न्यू जर्सीत काय किंवा अमेरिकेत कुठेही काय, जॉर्ज वॉशिंग्टनची चेरीच्या झाडाची गोष्ट मुलांच्या कानावर पडतेच. लहानग्या जॉर्जने वडिलांच्या आवडत्या झाडावर कुऱ्हाड चालवली आणि विचारल्यावर खरं सांगून टाकलं. तर त्यांच्या टीचरने सांगितलं की ही गोष्ट रचलेली आहे. वॉशिंग्टन १७९९ मध्ये गेले, पुढच्याच वर्षी वीम्स नावाच्या माणसाने त्यांचं चरित्र छापलं, आणि त्या पुस्तकाच्या १८०६ च्या आवृत्तीत हे झाड पहिल्यांदा उगवलं. खरं बोलण्याची गोष्ट, आणि तीच खोटी! लेकीला याची फार मजा वाटली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मग तुझा तो गोखले पण फेक आहे का?"

माझा तो गोखले म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नकोच. गुरुजींनी घातलेली सगळी गणितं एकट्या गोपाळची बरोबर येतात, गुरुजी शाबासकी देतात आणि गोपाळ रडायला लागतो, कारण एका गणितात त्याने दुसऱ्याची मदत घेतलेली असते. आपण सगळे ही गोष्ट ऐकत मोठे झालो आणि मराठी शाळेच्या रविवारच्या वर्गात मीही ती तीन वर्षं सांगत आले आहे. लेकीला म्हटलं, ती गणिताची गोष्ट बाजूला ठेव. गोखल्यांच्या खरेपणाची दुसरी एक गोष्ट आहे, वर्तमानपत्रांत छापलेली, तारखांसकट. पण ती गोड नाही. ती ऐकायची असेल तर बस.

खरं सांगायचं तर ती सांगताना माझीच तारांबळ उडाली. म्हणून तुमच्यासाठी नीट लिहून काढते आहे.

२२ जून १८९७ ही तारीख आपल्याला पाठ आहे. त्या नावाचा सिनेमाही आहे. पुण्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा सोहळा चालला होता आणि त्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. इथपर्यंत शाळेतही शिकवलं. मला सांगायचे आहेत ते त्यानंतरचे सहा आठवडे.

पार्श्वभूमी थोडक्यात. १८९६ च्या शेवटाला मुंबईत प्लेग आला, तिथून पुण्यात. सरकारने १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा केला (हाच कायदा २०२० मध्ये कोविडच्या वेळीही वापरला गेला) आणि पुण्याचं काम रँडच्या हाती दिलं. रँडने गोरे सोल्जर घरोघर पाठवले. आजारी माणूस सापडला की त्याला इस्पितळात न्यायचं, घरच्यांना वेगळ्या छावणीत. आज आपण म्हणू, क्वारंटाइन, त्यात काय? पण बुटांसकट स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरणं, बायकांची चारचौघांत तपासणी, सामान रस्त्यावर काढून जाळणं, हे ज्यांच्या घरात झालं त्यांना तो प्लेगपेक्षा मोठा जाच वाटला. लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं चालू असताना गोपाळ कृष्ण गोखले कुठे होते? लंडनमध्ये. वय ३१. हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांची साक्ष होती. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी, सुब्रमण्य अय्यर असे मोठे लोक साक्षीला होते, आणि त्यांत फर्ग्युसन कॉलेजातला हा तरुण प्राध्यापक आकड्यांच्या जोरावर उठून दिसला. नाव झालं. आणि मग पुण्याहून मित्रांची पत्रं येऊ लागली.

आता इथे जरा थांबा आणि स्वतःला त्या जागी ठेवून बघा. तुम्ही परदेशात आहात. गावी काहीतरी भयंकर चाललं आहे. तुम्ही स्वतः काही पाहिलेलं नाही, पण लिहिणारे लोक तुमचे आहेत, विश्वासातले आहेत. आणि इथले लोक तुम्हालाच विचारतात, तुमच्याकडे नक्की काय चाललंय हो? हा अनुभव आपल्यातल्या कोणाला नाही?

रँडच्या खुनाची बातमी आल्यावर इंग्लंडमध्ये सगळे विचारू लागले की पुण्याचे लोक इतके का भडकले. गोखल्यांनी पार्लमेंटच्या काही सभासदांपुढे हकीकत मांडली, आणि जुलैच्या सुरुवातीला मँचेस्टर गार्डियन या पत्राला मुलाखत दिली. त्यात पत्रांतली एक गोष्ट आली: सोल्जरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यातल्या एकीने नंतर जीव दिला. (दहा वर्षांच्या मुलीला हे मी कसं सांगितलं ते विचारू नका. "बायकांना फार वाईट वागवलं" एवढ्यावर भागवलं.)

एकच गदारोळ झाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारला. पार्लमेंटात प्रश्न निघाले. पुरावा द्या, नावं सांगा. गोखले म्हणाले, मी परत जाऊन शहानिशा करतो, आणि बोटीत बसले.

इकडे पुण्यात धरपकड सुरू झाली होती. नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबलं होतं. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली. त्याच आठवड्यात गोखल्यांची बोट मुंबईला पोचली. त्याआधी एडनला त्यांच्या हातात मित्रांची नवी पत्रं पडली होती. या वेळी मजकूर वेगळा होता: इथे फार कठीण आहे, कृपा करून आमची नावं सांगू नका.

म्हणजे बघा. ज्यांच्या शब्दावर ते जगापुढे बोलले, ते लोक आता पुढे येणार नव्हते. चौकशी करायला गेले तर कोणी साक्ष द्यायला तयार होईना. आणि द्यावी तरी कशी? १८९७ सालच्या पुण्यातलं कुठलं घर उठून म्हणेल की हो, आमच्याच सुनेवर हा प्रसंग आला? पुरावा मिळाला नाही याचा अर्थ काही घडलंच नाही असा होत नाही, हे गोखल्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी "घडलं असावं" असं म्हटलं नव्हतं. "घडलं" असं म्हटलं होतं, छापील, आणि आता ते सिद्ध करता येत नव्हतं.

वाटा अनेक होत्या. गप्प बसता आलं असतं. टिळक तुरुंगात, शहर संतापलेलं, अशा वेळी सरकारपुढे न वाकणं हाच लोकप्रिय मार्ग होता. मित्रांची नावं सांगून "मला यांनी लिहिलं" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. किंवा आज सगळे पुढारी मागतात तशी माफी: कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगीर आहे. ती भाषा तेव्हाही लोकांना येत होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाइम्स ऑफ इंडियात गोखल्यांचं पत्र आलं. मी काय म्हटलं, कशाच्या आधारावर म्हटलं, परत आल्यावर काय शोधलं आणि काय सापडलं नाही, हे सगळं क्रमाने. आणि मग आरोप पूर्ण मागे. माफी गव्हर्नरांची, प्लेग कमिटीच्या सभासदांची, आणि ज्या सोल्जरांविषयी बोललो त्यांचीही. "पण" नाही. मित्रांची नावंही नाहीत.

लोकांनी त्यांना फाडून खाल्लं. भित्रा, लोटांगण घालणारा, पुण्याची अब्रू घालवणारा. पुढच्या महिन्यात टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली, त्यामुळे तुलना आयतीच होती: एक तुरुंगात गेला, एकाने माफी मागितली. ही तुलना आजही दरवर्षी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येते. मला ती पटत नाही. टिळकांनी जे लिहिलं ते त्यांचं मत होतं, त्यांनी त्याची किंमत दिली. गोखल्यांनी जी सांगितली ती घटना होती, त्यांनी तिची किंमत दिली. मत पुराव्यावाचून उभं राहतं, घटना राहत नाही. आणि भीतीनेच माफी मागायची असती तर सरकारला हवी होती ती नावं सांगणं कितीतरी सोपं होतं.

तरी माझं एक म्हणणं आहे, आणि यावर तुम्ही भांडलात तरी चालेल. सोल्जरांची माफी मागताना गोखले जरा जास्तच वाकले असं मला वाटतं. देवघरात शिरलेल्या बुटांच्या तक्रारी काही खोट्या नव्हत्या, आणि त्या माफीच्या आवाजात त्याही बुडाल्या. सरकारने पुढे "बघा, सगळं खोटंच होतं" असा सूर लावला. खरेपणाची किंमत कधीकधी आपल्याच माणसांना मोजावी लागते. हे मी लेकीला सांगितलं नाही. आठवीत गेली की सांगेन.

पुढच्या वर्षी पुण्यात पुन्हा प्लेग होता. गोखले स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामाला लागले, त्याच शहरात, जिथे लोक त्यांना नावं ठेवत होते. कॉलेजचं काम चालूच होतं. विशीत त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला वीस वर्षांचा शब्द दिला होता, महिना ७५ रुपयांवर, आणि तो पाळला. १९०२ पासून कलकत्त्याच्या कौन्सिलात त्यांची बजेटवरची भाषणं गाजली ती आकड्यांसाठी. सरकारला त्यांचं म्हणणं आवडत नसे, पण त्यातला आकडा खोडणं जड जाई. १९१५ मध्ये ते गेले तेव्हा स्मशानात टिळकांनी जे गौरवाचं भाषण केलं, तेही मुद्दाम शोधून वाचा. दोघांचं आयुष्यभर पटलं नव्हतं.

आता माझी कबुली. मागच्या पावसाळ्यात आमच्या गावाकडच्या पुराचा म्हणून एक व्हिडिओ मी तीन ग्रुपवर टाकला होता. वर चार कडक वाक्यंही लिहिली, प्रशासन झोपलंय वगैरे. ऑफिसात दोघांना दाखवला. दुसऱ्या दिवशी मावसभावाने कळवलं, ताई, हा आपल्याकडचा नाहीच, दुसऱ्याच देशातला आहे, जुना. मी काय केलं? गुपचूप डिलीट केला. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ऑफिसातल्या त्या दोघांच्या डोक्यात तो पूर अजून आमच्याच गावात आलेला आहे. हे लिहायच्या आधी मी तिन्ही ग्रुपवर दुरुस्ती टाकली. एकावर कोणीतरी अंगठा दाखवला, बाकी दोन्हीकडे सामसूम. ऑफिसातलं अजून बाकी आहे.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. चेरीच्या झाडासारखी मजा काही आली नसावी. मग विचारलं, "आणि ते लेटर लिहिणारे फ्रेंड्स? त्यांनी सॉरी म्हटलं?"

म्हटलं, ते पुढे आलेच नाहीत.

"आणि त्याने नावं पण नाही सांगितली?"

"नाही सांगितली."

"मग त्यांच्याशी नंतर बोलायचा का तो?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रविवारी मोठ्या वर्गात ही गोष्ट सांगणार आहे, गणिताच्या गोष्टीऐवजी. मुलं तिथे याहून अवघड काहीतरी विचारतील.