फणसोंबा

फणसोंबा : फणसाच्या जुन्या खोडावर वाढणारी, लाकडासारखी कठीण, बहुवर्षायू औषधी अळिंबी (शास्त्रीय नाव – फेलिनस रायमोसस, कुल – हायमेनोकीटेसी). तिचे फळ घोड्याच्या खुरासारखे असते. वरची बाजू काळपट व भेगाळलेली, तर खालची सूक्ष्म छिद्रांची व तपकिरी असते. ही कवके लाकडातील लिग्निनाचे विघटन करतात, त्यामुळे झाडाचा गाभा कुजतो.

पारंपरिक उपयोग : पश्चिम भारतात काष्ठौषधींच्या दुकानांत वाळलेला फणसोंबा मिळतो. तो पाण्यात उगाळून हिरड्यांना व जिभेला लावतात. तोंड आल्यास, लाळ फार गळत असल्यास किंवा जुलाब होत असल्यास तो वापरण्याची रीत आहे. मात्र या एकाच नावाने फेलिनस प्रजातीतील निरनिराळ्या जाती विकल्या जातात, म्हणून औषधी गुण तपासण्याआधी नमुन्याची जात निश्चित करणे आवश्यक ठरते.

संयुगे : या कुलातील कवकांत हिस्पिडिनासारखी पिवळसर-तपकिरी पॉलिफिनॉले असतात. ती मुक्त मूलकांना हायड्रोजन देऊन निष्क्रिय करतात. हीच त्यांची प्रतिऑक्सिडीकारक क्रिया होय. दुसरा महत्त्वाचा गट कवकाच्या पेशीभित्तीतील बीटा-ग्लुकान या बहुशर्करांचा आहे. महाभक्षी पेशींवरील डेक्टिन-१ हा ग्राही त्यांना ओळखतो आणि प्रतिकारयंत्रणा चेतवली जाते.

कर्कपेशींवरील परिणाम : केरळमधील त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात टी. ए. अजित व के. के. जनार्दनन यांनी या अळिंबीचा अभ्यास केला. २००२ मध्ये त्यांनी अर्कांची प्रतिऑक्सिडीकारक व यकृतरक्षक क्रिया नोंदवली, तर २००३ मध्ये कर्कपेशीमारक व अर्बुदरोधी गुण प्रसिद्ध केले. डाल्टन लिंफोमा व एर्लिख कार्सिनोमा या उंदरांतील कर्कपेशींवर एथिल ॲसिटेट अर्क परिणामकारक ठरला. अर्क दिलेल्या उंदरांत गाठींची वाढही मंदावली. त्याआधी १९६८ मध्ये जपानमध्ये इकेकावा व सहकाऱ्यांनी फेलिनस लिंटियस या जवळच्या जातीच्या अर्काने उंदरांतील सार्कोमा-१८० ही गाठ रोखली जात असल्याचे दाखवले होते.

मूल्यमापन : प्रतिऑक्सिडीकारक गुण आणि कर्करोगरोधी गुण एकच समजणे चूक आहे. मुक्त मूलके डीएनएला इजा करतात, म्हणून त्यांना आवर घालणे निरोगी पेशीला हिताचे असते. पण प्रारण-उपचार आणि काही रसायनोपचार कर्कपेशी मारण्यासाठी याच मूलकांचा आधार घेतात. तेथे प्रतिऑक्सिडीकारक कर्कपेशीलाही संरक्षण देऊ शकतो. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता १८ टक्क्यांनी अधिक आढळला. त्यामुळे परीक्षानळीत मूलके निष्क्रिय करणारा अर्क रुग्णाच्या शरीरातही कर्करोग रोखील, असे मानता येत नाही.

फणसोंब्याविषयीचा वरील पुरावा पेशी व उंदरांपुरता आहे, आणि कर्करोगावरील औषध म्हणून त्याला मान्यता नाही. उपचार चालू असलेल्या रुग्णाने तो घेण्यापूर्वी कर्करोगतज्ज्ञाला विचारावे. त्याच्या भरवशावर शस्त्रक्रिया वा औषधोपचार लांबवणे जिवावर बेतू शकते.