सगळे बुटके एका कुळातले नसतात

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांना डोंगरातले बुटके आणि टेकड्यांवरचे बुटके यांच्या रीतीभाती निराळ्या असतात हे पाठ असते. वेरूळला निघताना मात्र हा विवेक आपण गारखेड्यातच ठेवून जातो आणि दिसेल त्या ठेंगण्या मूर्तीला ‘गण’ म्हणून मोकळे होतो.

कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याचा यक्ष पाहा. काळ इसवी सनापूर्वीचा. आखूड पाय, सुटलेले पोट, डोक्यावर पसरट पात्र आणि मुखावर दिलखुलास हसू. यक्ष म्हणजे कुबेराचे अनुचर, धनाचे राखणदार. या यक्षाच्या हातावर मागील बाजूस ब्राह्मी लिपीत घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे: कान्हदास, व्यवसायाने सोनार. नॉर्स पुराणकथांत बुटकेच देवांसाठी सोने घडवतात. इथे सोनाराने बुटका घडवला! इतक्या जुन्या कारागिराचे नाव हाती असताना त्याला ‘अज्ञात शिल्पी’ म्हणणे हा अन्यायच.

अजिंठ्याच्या १६व्या लेण्यातील बुटके छताच्या तुळयांचा भार पेलतात.

वेरूळच्या २१व्या लेण्यातील, म्हणजे रामेश्वरातील, बुटके मात्र खरेच गण आहेत. काळ सहाव्या शतकाचा. वर शिवपार्वतीचा सारीपाट रंगलेला, खाली यांनी नंदीची खोडी काढलेली. यक्षाकडे माणसे समृद्धी मागत. या गणांना धन्यासमोरही मस्करीची मुभा.

आणि १५व्या लेण्यातील त्रिविक्रम? त्याचा वामनावतार या कुठल्याच कुळात बसत नाही. बुटकेपण हे त्याचे सोंग होते.