चौघांचा तह, पाचव्याचा मुलूख

२९ सप्टेंबर १९३८ रोजी जर्मनी, इटली, ब्रिटन आणि फ्रान्स या चार राष्ट्रांचे धुरीण जेव्हा म्युनिक शहरी चेकोस्लोव्हाकियाच्या सरहद्दीचा निवाडा करावयास बसले, तेव्हा ज्या राष्ट्राचा मुलूख तोडावयाचा होता त्याचे दोन वकील, मास्टनी आणि मासारझिक, त्याच शहरातील एका हॉटेलात बोलावण्याची वाट पाहत बसून होते. बैठकीत त्यांना प्रवेश नव्हता आणि आपली बाजू मांडण्याची मुभाही नव्हती. रात्री दीडच्या सुमारास, सर्व कलमे ठरून गेल्यावर, त्यांना आत नेण्यात आले, तहनाम्याची प्रत हाती देण्यात आली आणि उत्तराची अपेक्षा नसल्याचे बजावण्यात आले. तो प्रसंग चालू असता ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन एकसारखे जांभया देत होते, असे मासारझिक याने आपल्या वृत्तांतात नमूद करून ठेवले आहे.

या जांभईवरून चेंबरलेन यांची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. ते भ्याड नव्हते आणि मूर्खही नव्हते. बर्मिंगहॅमच्या नगरकारभारात मुरलेला, पुढे आरोग्यखाते व खजिना यांचा हिशेब चोख ठेवणारा तो एकोणसत्तर वर्षांचा गृहस्थ होता, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटनचे जे सात लाखांहून अधिक सैनिक कामास आले त्यांत त्यांचा जिवलग चुलतभाऊ नॉर्मन हाही होता. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर अतोनात जाच झाला, ही भावना इंग्लंडातील सुशिक्षित वर्गात इतकी खोल रुजली होती की १९३५ च्या जूनमध्ये जर्मन आरमारास ब्रिटिश आरमाराच्या ३५ टक्क्यांपर्यंत वाढण्याची लेखी परवानगी देताना, अथवा ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये फौजा घुसविल्या तेव्हा स्वस्थ बसताना, आपण काही गमावीत आहो असे फारसे कोणास वाटले नाही. त्यातच जर्मनी, इटली आणि जपान या तिघांशी एकाच वेळी लढण्याचे बळ साम्राज्यापाशी नाही, असा सेनापतींचा अभिप्राय दप्तरी पडलेला होता. हिटलरला राजी राखण्याच्या या अनुनयाच्या धोरणामागे ही सारी कारणे होती आणि ती खरी होती. परंतु एवढ्याने त्या धोरणाचा उलगडा होतो असे मात्र मला वाटत नाही.

या प्रकरणाची सूत्रे चेंबरलेन यांच्यासह ज्या चार मंत्र्यांच्या हाती होती, त्यांतील उरलेल्या तिघांची नावे मराठी वाचकाला चांगली परिचयाची आहेत. पहिले सर जॉन सायमन. ज्यात एकही हिंदी सभासद नव्हता असे कमिशन घेऊन ३ फेब्रुवारी १९२८ रोजी मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि हरताळ व काळी निशाणे पाहते झाले, तेच हे. दुसरे सर सॅम्युअल होअर, १९३५ च्या कायद्याची घडण ज्यांच्या भारतमंत्रिपदाच्या कारकिर्दीत झाली ते. तिसरे लॉर्ड हॅलिफॅक्स, म्हणजेच आपले पूर्वीचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. यांपैकी होअर यांनी परराष्ट्रमंत्री असताना, १९३५ च्या डिसेंबरात, फ्रान्सच्या लाव्हाल यांच्याशी संगनमत करून हबसाणाचा (इथिओपियाचा) मोठा तुकडा मुसोलिनीला देऊन टाकण्याचा मसुदा बनविला होता, आणि तोही हबसाणाच्या बादशहास न विचारता. मसुदा वृत्तपत्रांत फुटला, लोक खवळले आणि होअर यांना पद सोडावे लागले. सहा महिने होतात न होतात तोच ते पुन्हा मंत्रिमंडळात रुजू झाले. अपराध्याच्या अशा जलद पुनर्नेमणुकीवरून दरबारास त्या अपराधाचे वजन किती वाटत होते हे कळते.

हॅलिफॅक्स यांची गोष्ट अधिक मौजेची आहे. १९३७ च्या नोव्हेंबरात ते बेर्शटेसगाडेन येथे हिटलरच्या भेटीस गेले. मोटारीतून उतरताना काळी विजार ल्यालेले पाय तेवढे त्यांच्या दृष्टीस पडले आणि हा कोणी हुजऱ्या असावा असे समजून ते आपला कोट त्याच्या हाती देणार, तोच शेजाऱ्याने कानात सांगितले की हाच हिटलर. पुढे बोलण्याच्या ओघात हिंदुस्थानचा विषय निघाला, तेव्हा यजमानाने उपाय सुचविला : गांधींना गोळी घाला, आणि तेवढ्याने भागले नाही तर काँग्रेसच्या पुढाऱ्यांना घाला. ज्याने अवघ्या सहा वर्षांपूर्वी त्याच गांधींसमोर बसून करारावर सही केली होती, त्या माणसाने हा सल्ला ऐकून घेतला आणि तरीही या यजमानाशी तडजोड साधता येईल अशी आशा बाळगली. बोलणी करीत राहिले की दांडग्यातला दांडगाही अखेर मधला मार्ग पत्करतो, हा धडा त्यांनी दिल्लीत गिरविला होता. दिल्लीत समोर बसलेला माणूस सत्याग्रही होता, एवढा फरक तेवढा त्यांच्या ध्यानी राहिला नाही.

यापुढचा इतिहास वेगाने घडला. चेकोस्लोव्हाकियाच्या सुडेटेन प्रांतातील सुमारे तीस लाख जर्मनांचा पुढारी हेनलाइन याला हिटलरची ताकीदच होती की प्रागचे सरकार मान्य करू शकणार नाही अशाच मागण्या करीत जावे. १५ सप्टेंबरला चेंबरलेन विमानाने जर्मनीस गेले आणि प्रांत तोडून देण्याचे तत्त्व मनाशी कबूल करून परतले. २१ तारखेच्या रात्री दोन वाजता ब्रिटिश व फ्रेंच वकिलांनी अध्यक्ष बेनेश यांना झोपेतून उठवून, न ऐकाल तर तुमचे तुम्ही पाहा, असा निर्वाणीचा खलिता दिला. २२ तारखेस गोडेसबेर्ग येथे हिटलरने मागणी वाढविली. तेव्हा लंडनच्या उद्यानांत खंदक खणले जाऊ लागले, घरोघर वायुमुखवटे वाटले गेले, आणि दूरच्या देशातील अनोळखी लोकांच्या कलहापायी आपल्यावर ही पाळी यावी याबद्दल चेंबरलेन यांनी रेडिओवरून विषाद व्यक्त केला. म्युनिकला मुसोलिनीने स्वतःचा म्हणून जो मसुदा पुढे केला तो बर्लिनमध्ये जर्मन मुत्सद्द्यांनीच लिहून दिलेला होता. पार्लमेंटात या तहावर ३६६ विरुद्ध १४४ मतांनी शिक्कामोर्तब झाले. मंत्रिमंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडले ते एकटे आरमारमंत्री डफ कूपर.

या तहामुळे ब्रिटनला एक वर्षाची उसंत मिळाली, त्या उसंतीत स्पिटफायर विमाने आणि रडार सज्ज झाली, असे समर्थन पुढे करण्यात येते, आणि त्यात तथ्य आहे. पण तीच उसंत जर्मनीलाही मिळाली, आणि तिच्यासोबत पर्वतांतील चेक तटबंदी फुकट मिळाली. १५ मार्च १९३९ रोजी उरलेले बोहेमिया व मोराव्हिया गिळंकृत केल्यावर स्कोडाचे कारखानेही हाती आले. मे १९४० मध्ये रोमेलच्या ज्या रणगाडा-पथकाने म्यूझ नदी ओलांडली त्याचे पुष्कळसे रणगाडे चेक बनावटीचे होते. तेव्हा उसंतीचा हा सौदा फायद्याचा ठरला, असे मानावयास मी तयार नाही.

माझ्या मते अनुनयाचे मर्म भीतीत नसून एका जुन्या सवयीत आहे. ज्यांच्या नशिबाचा निकाल लावावयाचा त्यांना खोलीबाहेर बसवून निकाल लावण्याची ही सवय साम्राज्याच्या कारभारात पिढ्यान् पिढ्या मुरली होती, आणि म्युनिकला ती एका युरोपीय राष्ट्रावर चालविली गेली, म्हणून जगाच्या डोळ्यांवर आली इतकेच. १९३८ च्या ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष प्रागला जाऊन आलेल्या जवाहरलाल नेहरूंना हे लंडनमधील पुष्कळांच्या आधी उमगले होते. परतंत्र देशाच्या माणसाला ही रीत ओळखावयास वेळ लागत नाही.

ती सवय पुढेही सुटली नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी, मध्यवर्ती कायदेमंडळास अथवा प्रांतिक मंत्रिमंडळांस एका शब्दाने न विचारता, हिंदुस्थानही युद्धात असल्याचे जाहीर केले. मुंबईत बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नराच्या हाती गेला.