सोबतीचा कॅमेरा

छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात चित्र घेणे हे जितके कलेचे काम होते, तितकेच ते ओझे वाहण्याचेही काम होते. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ साली हिंदुस्थानात आला. हिमालयातील त्याच्या सफरींत हमालांचा मोठा तांडा बरोबर असे. मोठा लाकडी कॅमेरा, तिवई, काचा, औषधांच्या बाटल्या आणि अंधारकोठडीचा तंबू, एवढे सगळे डोंगर चढवून न्यावे लागे. कारण काचेवर दिलेला औषधाचा लेप ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि तेथल्या तेथे धुवावयाचे, अशी त्या काळची रीत होती. बोर्नची चित्रे आजही पाहात राहावीत अशी आहेत. मात्र त्यांत जे आहे ते सगळे स्थिर आहे: बर्फ, खिंडी, देवदार. धावणारे मूल किंवा क्षणभर बदललेला चेहरा त्या यंत्राच्या कक्षेतलाच नव्हता.

पुढे कोरड्या काचा आल्या आणि १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमनने कोडॅक ही पेटी बाजारात आणली. तिच्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की सबंध पेटीच कारखान्याकडे पाठवावयाची. १९१२ मध्ये त्याच कंपनीने जाकिटाच्या खिशात मावणारा घडीचा कॅमेरा काढला. पहिल्या महायुद्धात शेकडो सैनिकांनी तो खंदकात नेला, इतका की ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांना आघाडीवर खाजगी कॅमेरे बाळगण्यास बंदी घालावी लागली. म्हणजे खिशातला कॅमेरा नव्हता असे नाही. परंतु ज्याला छायाचित्रणाची खरी चाड होती तो या खिशातल्या खेळण्याकडे तुच्छतेनेच पाही. चांगले चित्र म्हणजे मोठी काच, आणि मोठी काच म्हणजे मोठे ओझे, हे समीकरण त्याच्या मनात पक्के बसलेले होते. ते मोडण्याचे काम ज्याने केले तो छायाचित्रणाचा धंदेवाईक नव्हता. तो एक दमेकरी कारागीर होता.

ओस्कार बार्नाक याचा जन्म १८७९ साली जर्मनीतील ब्रांडेनबुर्ग प्रांतात झाला. बारीक यंत्रकामात त्याचा हात विलक्षण चालत असे. येना येथील झाइसच्या कारखान्यात असताना तो सुटीच्या दिवशी थुरिंगियाच्या रानात भटकावयास जाई आणि १३ बाय १८ सेंटिमीटरच्या काचांचा जाडजूड कॅमेरा बरोबर नेई. प्रकृती तोळामासा, त्यात दमा. चढ चढताना त्याचा जीव मेटाकुटीला येई. तेव्हा त्याने एक युक्ती करून पाहिली. एकाच मोठ्या काचेवर पंधरा-वीस लहान लहान चित्रे घ्यावयाची आणि मग ती मोठी करावयाची. युक्ती साफ फसली. त्या काचांवरील लेपाचे कण इतके जाड होते, की मोठ्या केलेल्या चित्रात वाळू पसरल्यासारखे दिसे. हे अपयश फार मोलाचे ठरले. कारण यंत्र नुसते लहान करून भागत नाही, चित्र ज्यावर उमटावयाचे तो पदार्थही तितकाच तलम हवा, हे त्याला त्यातून उमगले.

१९११ च्या जानेवारीत तो वेट्झलार गावी एर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शक यंत्रांच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून रुजू झाला. तेथे चलच्चित्राच्या यंत्रांवरही काम चाले आणि त्यामुळे ३५ मिलिमीटर रुंदीची, दोन्ही कडांना भोके असलेली सिनेमाची फिल्म त्याच्या रोजच्या हाताळणीत आली. हिचे कण काचेवरच्या कणांपेक्षा बारीक होते. परंतु सिनेमाच्या एका चित्राची चौकट १८ बाय २४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एखाद्या टपाल तिकिटाएवढी. एवढ्याशा चित्रातून भिंतीवर लावण्याजोगी प्रत निघणे कठीण. बार्नाकने फिल्म आडवी फिरविली आणि दोन चौकटींची एक केली: २४ बाय ३६. आज जगभर रूढ असलेले हे माप एवढ्या साध्या हिशेबातून जन्मले.

हा हिशेब जरा थांबून पाहण्यासारखा आहे. १३ बाय १८ ची काच सोडून २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेणे, म्हणजे चित्राचे क्षेत्रफळ सत्तावीस पटींनी कमी करणे. सत्तावीसातले सव्वीस हिस्से त्याने टाकून दिले आणि उरलेल्या एका हिश्श्यात सगळे मावविण्याची जबाबदारी भिंगावर आणि यंत्राच्या अचूकपणावर टाकली. आणखीही बरेच टाकले. १९१४ च्या मार्चपर्यंत तयार झालेल्या पहिल्या नमुन्यात पडद्याची गती एकच होती, आणि फिल्म पुढे सरकवताना भिंगावर हाताने टोपण घालावे लागे. मात्र एक गोष्ट त्याने मोठ्या कल्पकतेने साधली होती: एकच कळ फिरविली की फिल्मही पुढे सरके आणि पडदाही पुन्हा ताणला जाई. एका चित्रावर दुसरे चित्र चढण्याची चूक होण्यास जागाच राहिली नाही. चालता चालता वापरावयाच्या यंत्रात माणसाच्या लक्षावर कितपत विसंबावे, हे त्याला नीट ठाऊक होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. वेट्झलारच्या रस्त्यात सैन्यभरतीचे फर्मान लावणारा एक शिपाई बार्नाकने त्या लहानग्या यंत्राने टिपला. १९२० साली गावात पूर आला तोही टिपला. दोन्ही चित्रे आज इतिहासात जमा आहेत, आणि दोन्ही वेळी यंत्र हाताशी होते म्हणूनच ती निघाली. पण कारखान्याचे मन काही ठरेना. १९२३ साली जर्मन मार्क कोसळला. सूक्ष्मदर्शकांच्या भरवशावर कारागिरांना काम पुरेल की नाही याची चिंता पडली. सुमारे पंचवीस नमुने तयार करून जाणत्यांच्या हाती दिले गेले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. एवढ्याशा चित्रासाठी एवढे महाग यंत्र कोण घेणार? १९२४ च्या जूनमध्ये मालकाच्या, म्हणजे दुसऱ्या एर्न्स्ट लाइट्झच्या पुढे तासन् तास वाद झाला आणि अखेरीस त्याने धोका पत्करण्याचा निर्णय दिला. माक्स बेरेक या गणितज्ञाने या चौकटीसाठी खास भिंग रचले आणि १९२५ साली लाइप्झिगच्या वसंत जत्रेत हे यंत्र लोकांपुढे आले. लाइट्झमधला ‘लाइ’ आणि कॅमेऱ्यातला ‘का’ मिळून त्याचे नाव पडले लाइका.

योगायोग असा, की त्याच जून १९२४ मध्ये दुसऱ्या एका लहान कॅमेऱ्याची कथा एव्हरेस्टवर घडत होती. ८ जून रोजी मॅलरी आणि अर्व्हिन हे दोघे शिखराकडे निघाले ते परतलेच नाहीत. त्यांच्याजवळ कोडॅकचा तो जाकिटाच्या खिशातला कॅमेरा होता असे मानतात. तो मॅलरीला दिला होता सॉमरवेलने, त्रावणकोरातील नेय्यूर येथील मिशनच्या रुग्णालयात पुष्कळ वर्षे शस्त्रवैद्य म्हणून सेवा करणाऱ्या डॉक्टर सॉमरवेलने. १९९९ साली मॅलरीचे शव सापडले, २०२४ साली अर्व्हिनचे काही अवशेषही सापडले. कॅमेरा मात्र सापडलेला नाही. शिखर त्यांनी गाठले होते काय, या प्रश्नाचे उत्तर कदाचित त्या गोठलेल्या फिल्मवर असेल. त्या उंचीवर श्वासदेखील जड होतो. मोठा कॅमेरा तेथे कोणी नेलाच नसता आणि हा प्रश्नही उरला नसता.

लाइकाचा खरा कस लागला तो पुढल्या पंचवीस वर्षांत. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच तरुणाने १९३२ च्या सुमारास तो घेतला आणि त्याचे चकचकीत भाग काळ्या पट्टीने झाकून टाकले. कृत्रिम प्रकाशाचा लोळ तो कधी वापरीत नसे. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी दिल्लीत बिर्ला भवनात त्याने गांधीजींची भेट घेतली. तो बाहेर पडल्यावर काही वेळातच गांधीजींची हत्या झाली. तो परतला. फाटकावरून जमावाला ती वार्ता सांगणारे नेहरू त्याने टिपले. रात्रीच्या अपुऱ्या उजेडातले ते चित्र तांत्रिक दृष्ट्या सदोषच म्हणावे लागेल, पण त्या रात्रीची दिल्ली त्यात जशी उतरली आहे तशी दुसरीकडे क्वचितच सापडेल.

याहून भयंकर प्रसंगीही हे लहान माप कामी आले. पोलंडमधील वूज शहरी नाझींनी कोंडलेल्या ज्यूंच्या वस्तीत हेन्रिक रॉस नावाचा छायाचित्रकार होता. ओळखपत्रांची चित्रे काढणे हे त्याचे नेमून दिलेले काम. परंतु कोटाच्या फटीतून भिंग बाहेर काढून तो उपासमार, प्रेते आणि मृत्युछावण्यांकडे निघालेले तांडे टिपीत असे. सापडला असता तर मरणच होते. १९४४ साली त्याने आपल्या फिल्मा जमिनीत पुरल्या. १९४५ मध्ये वाचलेल्या माणसांत तो होता आणि त्याने त्या उकरून काढल्या. ओलाव्याने बऱ्याच नासल्या, पण हजारो टिकल्या. १९६१ साली आइखमनच्या खटल्यात त्याने साक्ष दिली. १३ बाय १८ ची काच कोटाखाली लपत नाही, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे. तथापि त्याच लाइकाचा पट्टा नाझी सैन्याच्या प्रचारपथकातील छायाचित्रकारांच्या गळ्यातही होता, हेही सांगितले पाहिजे.

कॅमेरा सदैव जवळ बाळगणाऱ्यांचे एक उदाहरण आपल्या वर्ध्याजवळचेच आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या सहवासात राहणाऱ्या कनु गांधींना छायाचित्रे घेण्यास विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी उत्तेजन दिले. आश्रमाजवळ त्यासाठी पैसा नव्हता. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. तो काही खिशात मावणारा नव्हे. पण पोटाशी धरून, वरून पाहून चित्र घेण्याची सोय असल्याने समोरच्या माणसावर तो रोखला जात नाही. गांधीजींच्या अटी तीन: कृत्रिम प्रकाश वापरावयाचा नाही, चित्रासाठी कोणतीही बैठक द्यावयाची नाही, आणि आश्रमाचा पैसा मागावयाचा नाही. पहिल्या दोन अटींनी कनु गांधींना, कार्तिए-ब्रेसाँ दूर युरोपात जे शिकत होता, तेच शिकविले. वर्षानुवर्षे ते सावलीसारखे मागे राहिले. गांधीजींनी त्यांना क्वचितच अडविले. १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या घटका मोजीत गांधीजींच्या मांडीवर विसावल्या होत्या. तेव्हा मात्र त्यांनी चित्र घेऊ दिले नाही.

सामान्य घरांतून कॅमेरा आला तो फार उशिरा, आणि आला तोही बहुधा कपाटात राहण्यासाठी. साठाव्या दशकानंतर अनेक मराठी घरांत बडोद्याचा आग्फा क्लिक थ्री असे. एका गुंडाळीत बारा चित्रे. मुंज, लग्न, महाबळेश्वरची सहल यांना तो बाहेर निघे आणि पुन्हा कातडी पिशवीत जाई. जपानमध्येही स्थिती निराळी नव्हती. ऑलिंपस कंपनीतील योशिहिसा माइतानी या तरुण अभियंत्याने नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले: घडण्यासारखे काही घडते तेव्हा लोकांचा कॅमेरा घरी असतो. त्याला ६,००० येनला विकता येईल असा कॅमेरा बनविण्यास सांगितले होते. तो स्वतः लाइकाचा भक्त. त्याने भिंगात तडजोड करावयाची नाही असे ठरविले आणि पैसा आधी तेथे घातला. मग काटछाट कोठे करावयाची? त्याने बार्नाकची चौकट पुन्हा अर्धी केली, म्हणजे फिरून सिनेमाच्या १८ बाय २४ मापाशी आला. ३६ चित्रांच्या गुंडाळीत ७२ चित्रे मावू लागली आणि फिल्म महाग असलेल्या त्या दिवसांत हा दुहेरी लाभ ठरला. १९५९ साली निघालेल्या त्या कॅमेऱ्याचे नाव ‘पेन’, कारण तो लेखणीसारखा जवळ असावयाचा.

१९६६ मध्ये हाइन्त्स वास्के या जर्मन अभियंत्याचा रोलाय ३५ आला. भिंग आत ढकलले की तो सिगारेटच्या पाकिटाएवढा होई, आणि चौकट मात्र पूर्ण २४ बाय ३६ ची. त्याचे कारागिरीचे कौतुक करावे तितके थोडे. पण भिंग ओढा, फिरवा, अंतर अंदाजाने लावा, या खटाटोपात क्षण निसटे. माइतानीने १९७९ साली एक्सए काढला तो याचे उत्तर म्हणून पाहता येतो. त्याने पिशवीच रद्द केली. टोपणही रद्द केले. शिंपल्यासारखे सरकणारे एक झाकण, ते बाजूला केले की कॅमेरा सज्ज, मिटले की खिशात टाकावयास मोकळा. आत ३५ मिलिमीटरचे सहा काचांचे भिंग, आणि वजन सुमारे सव्वादोनशे ग्रॅम. मोठ्या भिंगाची हौस, भिंग बदलण्याची सोय, या गोष्टी त्याने विचारपूर्वक गाळल्या. छायाचित्रणाच्या इतिहासात या कॅमेऱ्याची थोरवी अद्याप पुरती मानली गेलेली नाही.

आज तर प्रत्येकाच्या खिशात दूरध्वनी आहे आणि त्यातच कॅमेरा आहे. बहुतेक फोनांतील प्रकाश टिपणारी चकती बार्नाकच्या चौकटीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान असते; जे हरवते ते गणिताने भरून काढले जाते. तरीही निराळा कॅमेरा बाळगणारे लोक आहेत. रस्त्यावरचे टोकियो टिपणारा दाइदो मोरियामा रिकोहच्या एकाच स्थिर भिंगाच्या छोट्या कॅमेऱ्याने काम करीत आला. दुकानात नवा कॅमेरा निवडू पाहणाऱ्यास तेथे आणखी एक मौज आढळते. १९२४ साली ज्या २४ बाय ३६ च्या चौकटीला जाणत्यांनी फार लहान म्हणून हसण्यावारी नेले, तिलाच आता ‘पूर्ण चौकट’ म्हणतात आणि ती ज्यात आहे असा कॅमेरा रोज बरोबर नेण्यास जड पडतो, अशी तक्रार ऐकू येते. खुद्द बार्नाकने वापरलेला, त्या पहिल्या पंचवीस नमुन्यांपैकी एक कॅमेरा २०२२ साली वेट्झलार येथे लिलावात निघाला. तो १ कोटी ४४ लाख युरोंना गेला.