पॅरिसच्या दालनातले तक्ते

आम्ही गिरणी कामगार. कापसाशी आमचं नातं पोटाचं. अमेरिकेच्या दक्षिणेत हाच कापूस काळ्या गुलामांकडून चाबकाच्या धाकाने पिकवून घेत. १८६५ साली घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. पण हे लोक मुळातच मागासलेले, हा प्रचार काही थांबला नाही.

त्याला चोख उत्तर मिळालं १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात. थॉमस कॅलोवे यांच्या पुढाकाराने तिथे काळ्या अमेरिकनांचं वेगळं दालन उभं राहिलं. डॉ. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन सुमारे ६० रंगीत तक्ते हाताने तयार केले. काळ्यांच्या नावावर जमीन किती आली, निरक्षरता किती घटली, सगळं आकड्यांनिशी मांडलं. जोडीला शेकडो फोटो: दुकानदार, विद्यार्थी, नीटनेटकी घरं. शिवाय जॉर्जिया राज्याने त्यांच्यावर लादलेले कायदेही उतरवून ठेवले. प्रगती दाखवली, पण जाच लपवला नाही. डुबॉइस यांना सुवर्णपदक मिळालं.

याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या.

यातून आपण काय घ्यायचं? आपला इतिहास दुसरा कोणी लिहील, म्हणून वाट बघत बसायचं नाही. दीक्षेच्या वेळचे फोटो, जुनी पत्रकं, सभांच्या वह्या घराघरांत ट्रंकेत पडून आहेत. त्या विहारात आणून द्या, मागे नाव-साल लिहा. उद्या नातवंडं पुरावा मागतील, तेव्हा तो आपल्याच हाती असला पाहिजे.