कुलकर्णी, सी. व्ही.

भारतीय मत्स्यवैज्ञानिक व महाराष्ट्राचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक. मुंबई इलाख्याच्या किनारी खाड्यांत आढळणाऱ्या, सु. दोन सेंमी. लांबीच्या पारदर्शक माशाचे त्यांनी १९४० मध्ये वर्णन केले व सुंदरलाल होरा आणि एस. बी. सेटना या मत्स्यविज्ञांवरून त्यास ‘होराइक्थिस सेटनाय’ हे नाव दिले. यातील नराच्या गुदपक्षाचे रूपांतर शुक्राणू मादीकडे पोहोचविणाऱ्या अवयवात झालेले असते. मादी फलित अंडी पाण्यात घालते. या माशाचा समावेश आता ‘ओरायझियस’ या प्रजातीत करतात. समुद्रातून नदीत चढून अंडी घालणाऱ्या पाला माशाच्या प्रजननाचा त्यांनी नर्मदेत केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

१९७० च्या सुमारास ते लोणावळ्याच्या जलाशयांतील दख्खनी महसीराकडे (टॉर खुद्री) वळले. धरणांमुळे या माशाचे अंडी घालण्याच्या जागी जाणे खुंटले होते. पक्व मादीचे पोट हलके दाबून काढलेली अंडी नराच्या रेताने फलित करून तेथे पिले वाढविण्यात आली. हे मत्स्यबीज पुढे इतर राज्यांतही सोडले गेले. मात्र कावेरीत सोडलेल्या या जातीच्या प्रसाराबरोबर तेथील मूळचा कुबडा महसीर (टॉर रेमादेवी) घटल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणून मत्स्यबीज सोडण्यापूर्वी नदीतील मूळच्या जातींची पाहणी आवश्यक ठरते.