गिरणी गेली, मॉल आला. आपण कोणत्या खात्यात?

महापे एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा कारखान्यातले कामगार आणि आयटी पार्कचे कर्मचारी एकाच रस्त्यावर येतात. टीटीसी पट्ट्यात जुन्या कारखान्यांशेजारी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. कारखान्यांच्या जमिनीचं पुढे काय होतं, हे पाहायचं तर खाडीपलीकडच्या गिरणगावाकडे पाहावं लागेल.

लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ची. आज तिथे मॉल आहे. ‘आमचं गिरणगाव गेलं’ असं हळहळून लिहिणारे पुष्कळ आहेत. दुःख खरंच आहे. पण त्या आठवणींतून एक गोष्ट हमखास गाळली जाते.

गिरणीत जास्त पगाराचं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद होतं. का? धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. आमच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला : कामगार एक, तर खाती वेगळी का? म्हणजे ‘आमच्या’ गिरणगावातही आपल्यासाठी एक दार बंदच होतं.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि बहुतेकांच्या हाती काही लागलं नाही. मग लढाई जमिनीची झाली. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१च्या बदलाने फक्त मोकळ्या जमिनीचेच वाटे करायचे ठरले, आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. मॉल आपोआप उगवले नाहीत. ते कागदावर आधी बांधले गेले.

आज मॉलमध्ये ‘विणकाम खातं’ नाही. पण हाउसकीपिंगच्या गणवेशात कोण आहे, आणि दुकानाचा मालक कोण, हे एकदा आडनावं वाचून पाहा.

त्याच गिरण्यांच्या जमिनींपैकी एक मात्र मॉल झाली नाही. दादरची इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ला भीमसैनिक आत शिरले, जागा मागितली, मागे हटले नाहीत. वर्षभरात केंद्राला ती जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी देण्याची घोषणा करावी लागली. दोन्ही जमिनी गिरणीच्याच. फरक हक्क सांगणाऱ्यांचा.

म्हणून महापे, तुर्भे, रबाळेतल्या मित्रांनो, कारखान्याला टाळं लागल्यावर रडण्याआधी विकास आराखडा वाचा, हरकती नोंदवा, वस्तीच्या जागेचे कागद गोळा करा. इमारत उभी राहिल्यावर आपल्याला फक्त झाडूचं खातं उरतं.

जय भीम!